सावळाराम मास्तरांचे बूट

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागायला गेल्या महिन्यात दोन तरुण शिक्षिका घरी आल्या होत्या. विषय त्यांनी ठरवूनच आणला होता : मुलींची खोली कशी उभी राहिली. सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने साहेब लोकांच्या गोल्फचे सामने भरवले आणि त्यातून शाळेला खोली मिळवून दिली, ही गोष्ट शाळेत अजून सांगतात म्हणे. तो विद्यार्थी मी. "आजोबा, दोनच पानं द्या, पण प्रेरणादायी द्या," त्यांतली एक म्हणाली. मी हो म्हटलं. हा तो लेख. दोन पानांत मावलेला नाही आणि प्रेरणादायीही झालेला नाही. छापायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

त्या गोष्टीत सावळाराम मास्तर नाहीत. त्यांना मीच बाहेर ठेवलं.

मास्तर शाळेतले नव्हते. त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीला एक मोठा कारखाना उभा राहत होता, चिंचवडकडे रुळाच्या कडेने जमिनींच्या मोजण्या चालल्या होत्या, आणि मधल्या माळावर बाभळी, बोरी आणि शेरडं. लष्कराच्या छावणीपलीकडच्या अशाच एका माळावर इंग्रजांनी गोल्फचं मैदान केलं होतं. इंग्रज गेले, आपले अधिकारी आले, मैदान तसंच राहिलं. आता तिथे इमारती आहेत. त्या मैदानावर हिरवळ नव्हती. चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती वाळूचा गोल असे आणि वाळू उडू नये म्हणून तिच्यावर ट्रकचं जळकं तेल शिंपडत. खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाला कॅडी म्हणायचं. आसपासच्या गावांतली तीस-चाळीस माणसं आणि पोरं ते काम करायची, आणि त्या सगळ्यांचे मुकादम सावळाराम. कॅडी-मास्तर हा त्यांचा हुद्दा, म्हणून मास्तर.

उंच, वाळका माणूस. डोक्याला फेटा, अंगात खाकी सदरा, खाली धोतर, आणि धोतराखाली मिलिटरीचे काळे बूट. हे बूट त्यांना विलायतेला परत जाणाऱ्या एका मेजरने दिले होते. मेजरचा पाय लहान असावा, कारण बूट मास्तरांना एक नंबर कमी पडायचे. टाचेला त्यांनी चीर दिली होती, पण पुढे बोटं दुमडूनच घालावी लागत. मैदानावरचं जळकं तेलच ते बुटांना चोळत. चालताना बूट करकरायचे. चार शेतांवरून कळायचं, मास्तर आले.

बाकीचे कॅडी अनवाणी असत, आणि अनवाणी असण्यात एक धंदा होता. आपल्या साहेबाचा चेंडू काट्यात किंवा खड्ड्यात पडला की पुढे धावत जायचं, पायाच्या अंगठ्यात आणि बोटात चेंडू धरायचा आणि न वाकता, न थांबता दोन हात पुढे चांगल्या जागी सोडायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस नुसता चालतोय. साहेब खूश, बक्षिसी ठरलेली. ही विद्या त्या माळावर बापाकडून मुलाकडे जायची. मास्तर तिच्यातले जुने उस्ताद होते असं म्हणत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "व्हय, करत हुतो. मग हौसा झाली आन् सोडलं. बोटं झाकली की लोकांची तोंडं बी झाकत्यात."

हौसा ही त्यांची एकुलती एक मुलगी.

मास्तरांची मोजणी खड्यांवर चालायची. डाव्या खिशात खडे असत. साहेबाने एक टोला मारला की एक खडा उजव्या खिशात. चार साहेब खेळत असले तर चार आकारांचे खडे. शेवटच्या भोकाशी साहेब आठवून आठवून आकडा सांगायचा आणि मास्तर आकाशाकडे बघत उभे राहायचे. त्यांचा एक नियम होता, तो ते प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगत : "इचारलं तर खरं सांगायचं. न्हाई इचारलं तर घारी बगायच्या."

साहेब लोक म्हणूनच त्यांना सहसा विचारत नसत. एका कर्नलने एकदा भर खेळात विचारलं, "क्यों मास्टर, हमारा खेल कैसा है?" मास्तरांनी आधी खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाले, "साब, आप घोडेपर अच्छा दिखता है." कर्नल हसला, पण पुढचे दोन महिने त्याने दुसरा कॅडी घेतला.

माझा त्यांचा संबंध आला तो शाळेमुळे. आमच्या शाळेत चौथीनंतर मुली गळायच्या. पाचवीपासून सगळी एका खोलीत बसत आणि गावातली माणसं त्याला तयार नव्हती. वेगळी खोली बांधायची तर सिमेंट हवं, आणि सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. माझे वडील छावणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. गोल्फच्या क्लबची पत्रं तेच लिहून देत, त्यामुळे मला क्लबात शिरकाव होता. तिथल्या एका जुन्या विलायती मासिकात मी इस्पितळाच्या मदतीसाठी भरवलेल्या गोल्फच्या सामन्यांचा फोटो पाहिला, आणि डोक्यात घेतलं की आपणही असे सामने भरवायचे. मुलींचा कळवळा थोडा असेल. जास्त हौस होती ती त्या फोटोतल्या मुलासारखं कप हातात धरून उभं राहण्याची.

क्लबचे सेक्रेटरी एक कॅप्टन होते. त्यांनी परवानगी दिली. चिंचवडच्या बाजूला कारखाना उभारणारे एक मालक क्लबाचे नवे सभासद झाले होते. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, ते खोलीच्या दारावरच्या शिळेवर आहे. सामन्याच्या कपाला त्यांचं नाव दिलं तर खोलीचं सगळं सिमेंट आणि छपराचे पत्रे देण्याचं त्यांनी कबूल केलं. "बाकी सावळाराम बघेल," कॅप्टन म्हणाले.

मास्तर तेव्हा वाळूच्या गोलावरून ओलं पोतं ओढत होते. माझं सगळं ऐकून घेतलं.

"धाकटं सायब, चेंडू कंदी मारलाय?"

"नाही."

"बेस झालं. म्हंजी कुनाच्या बाजूनं न्हाई तुमी." पोतं खाली टाकून त्यांनी विचारलं, "खोली पोरींचीच हुनार नव्हं? का बांधून झाली की हेडमास्तरांचं हापिस?"

"मुलींचीच. शाळेने लिहून दिलंय."

"तसं आसंल तर करू. हौसा चौथीत हाय माझी. पुस्तक वाचती आन् वाचून झालं की मलाच रागं भरती, बाबा तुमी का न्हाई शिकला म्हनून. पाचवीला कुठं धाडू तिला? खोली झाली तर धाडीन."

पुढचे दोन महिने सामने भरवले ते त्यांनी. मी वही घेऊन त्यांच्यामागे फिरलो. गोल्फात कमी टोले मारील तो जिंकतो, म्हणून कच्च्या खेळाडूला पक्क्याशी खेळताना टोल्यांची सूट देतात. आपली सूट किती ते सभासदांनी स्वतःच कळवलं होतं आणि जवळजवळ प्रत्येकाने ती फुगवून कळवली होती. मास्तरांनी मला समोर बसवलं आणि एकेका साहेबाची खरी सूट सांगितली. कोण पाऊस पडून गेल्यावर कसा खेळतो आणि कोण बायको बघत असली की कसा बिघडतो, तेही सांगितलं. मी फक्त आकडे उतरवले. ती यादी वाचून कॅप्टनसाहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "या क्लबात इतका खरा कागद मी आजवर पाहिला नाही." आणि तीच यादी त्यांनी लावली.

सामन्यात बोटांचा धंदा चालू द्यायचा नाही, असं मास्तरांनी ठरवलं. पण तीस पोरांना पायताण कुठून आणणार? त्यांनी घरोघरची जुनेरं गोळा केली, चिंध्या फाडल्या आणि सामन्याच्या सकाळी सगळ्या कॅडींना ओळीत बसवून प्रत्येकाची पावलं स्वतः बांधली. बोटं अशी आवळून की खडासुद्धा उचलता येऊ नये.

"मास्तर, ही काय लढाईतनं आलेली पलटन हाय का?" एक पोरगा ओरडला.

"लढाईला चाललेली हाय. गप बस, नायतर तोंडाला बी बांधीन."

सगळी हसली. मास्तरही हसले. त्यांना इतकं खुशीत मी पहिल्यांदाच पाहत होतो. हौसालाही त्यांनी आणलं होतं. दोन वेण्या घातलेली, दहा-अकरा वर्षांची मुलगी. चहाच्या टेबलाशी उभी राहून ती पाहुण्यांना कागदी फुलं लावत होती.

मालकांसाठी कॅडी म्हणून स्वतः मास्तर होते, आणि टोले कागदावर लिहिण्यासाठी मी. पहिला टोला मारायला मालक उभे राहिले, काठी उचलली आणि थांबले. मास्तर पुढच्या जागेकडे निघाले होते. करकर, करकर.

"ये क्या चरचर लगा रखी है? उसको बोलो जूते निकाले."

मी धावत गेलो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "धाकटं सायब, दुसरं काय बी सांगा. ह्ये काढाया नका सांगू."

"एकच दिवस, मास्तर. त्यांचं डोकं फिरलं तर खोली गेली."

खोली म्हटल्यावर ते खाली बसले. नाड्या सोडल्या, बूट काढले, दोन्ही नाड्यांची एक गाठ मारून बूट बाभळीच्या फांदीला अडकवले. त्यांचे पाय मी तेव्हा पाहिले. चुन्यासारखे पांढरे, आणि बोटं एकमेकांवर चढून चिकटल्यासारखी झालेली. त्या बोटांना सुपारीसुद्धा धरता आली नसती. हे मी नीट पाहिलं. पुढे जे झालं त्याच्या आधी पाहिलं, हे नोंदवून ठेवतो.

"यक चिंधी तरी आना कुनाकडनं," ते म्हणाले.

"चलो भाई!" मालक ओरडले. चिंधी राहिली. त्या सबंध मैदानावर उघडी बोटं असलेला कॅडी आता एकच होता.

मास्तर काट्यांतून चालत राहिले. दुपारपर्यंत मालक आणि एक डॉक्टर बरोबरीत होते. डॉक्टर आपला खेळ संपवून मंडपात जाऊन बसले होते. शेवटून दुसऱ्या भोकाकडे जाताना मालकांचा चेंडू एका बाभळीच्या मुळांत जाऊन बसला. मास्तर पुढे, साठेक पावलांवर, भोकाशी निशाण धरून उभे. मी मालकांच्या मागे, पाच पावलांवर. मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. मला पाहिलं नाही, किंवा मी त्यांच्या हिशेबात नव्हतो. त्यांनी बुटाच्या टोकाने चेंडू मुळांतून बाहेर ढकलला, हातभर मोकळ्या जागेत. मग काठी मारली. चेंडू सुंदर गेला.

हे मी स्वच्छ पाहिलं. सत्तर वर्षांनी लिहितो आहे म्हणून आठवणीत काही मिसळलं असेल अशी शंका कुणी घेऊ नये.

शेवटचं भोक मंडपासमोरच होतं. सगळे जमले. मालकांनी शेवटचा टोला मारला, चेंडू आत गेला, टाळ्या झाल्या. मागच्या भोकाचे पाच, असं त्यांनी सांगितलं. ते धरले तर डॉक्टरांपेक्षा एक टोला कमी होऊन कप त्यांचा होता. पण नियम मीच केला होता की खेळणाऱ्याचा आकडा कॅडीला विचारून पक्का करायचा. तो मोठ्याने विचारताना मला फार रुबाबदार वाटत होतं.

"मास्तर, मागचे पाच ना?"

मास्तरांनी उजव्या खिशातले खडे चाचपले. सगळ्यांसमोर मी विचारलं होतं.

"काठीचं पाच," ते म्हणाले. "बाभळीखाली बुटाचा लागला त्यो येगळा. त्याला दंड काय, ते सायब लोकांनी ठरवावं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कॅप्टनसाहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं आणि सगळे मालकांकडे बघू लागले.

मालक चिडले नाहीत. हसून म्हणाले, "कॅप्टन, हे लोक काय करतात ते तुम्हांला माहीत आहे. चेंडू बाहेर आला असेल तर यानेच पायाच्या बोटांनी काढला असेल. बक्षिसी मोठी मिळेल म्हणून. आता अंगाशी येतंय म्हणून माझं नाव घेतोय." मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "मला इथे चोर ठरवायला बोलावलं असेल तर मी निघतो."

कॅप्टनसाहेब माझ्याकडे वळले. "तू मागे होतास. काय पाहिलंस?"

माझ्यासमोर वडील उभे होते. त्यांच्या शेजारी हेडमास्तर, आणि टेबलाशी कागदी फुलांचं ताट घेऊन हौसा. टेबलावर कप होता. मास्तर माझ्याकडे शांतपणे बघत होते. काळजीचं काही कारण आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, कारण विचारलं होतं, आणि विचारलं की खरं सांगायचं असतं.

मी म्हणालो, "सर, मास्तरांच्या पायात बूट नव्हते."

एवढंच. शब्द न् शब्द खरं होतं ते. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आपण खोटं बोललो नाही.

सगळ्यांच्या नजरा मास्तरांच्या पायांकडे गेल्या. पांढऱ्या पायांवर काट्यांचे ओरखडे होते, रक्त सुकलं होतं. ती बोटं कशी आहेत हे कुणी वाकून पाहिलं असतं तरी कळलं असतं. कुणी वाकलं नाही. चिंध्या बांधलेली पोरं मागे उभी होती, त्यांतलं कुणी बोललं नाही. "बूट का काढले होतेस?" असं कॅप्टनसाहेबांनी विचारलं असतं, तर मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं असतं का, मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही. म्हणून मास्तर आकाशाकडे बघत राहिले.

मग त्यांनी खिशातले खडे काढून कपाच्या शेजारी टेबलावर ठेवले, हौसाच्या हातातलं ताट खाली ठेवलं आणि तिला घेऊन निघून गेले. संध्याकाळच्या आत कॅप्टनसाहेबांनी त्यांना कामावरून काढल्याचा हुकूम केला. तो लिहिला माझ्या वडिलांनी. मालकांनी कप घेतला. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. तो फोटो शाळेत आहे.

बूट फांदीलाच राहिले होते. चौथ्या दिवशी ते घेऊन मी त्यांच्या गावी गेलो, नदीच्या बाजूला. दारात त्यांची बायको उभी होती. तिने बूट माझ्या हातातून घेतले.

"कोन हाय?" आतून मास्तरांचा आवाज आला.

"शाळंवालं हाय."

मास्तर आतूनच म्हणाले, "पानी द्या त्यास्नी."

हौसाने पाण्याचा तांब्या आणला. मी पाणी प्यायलो आणि परत आलो. सांगायला गेलो होतो ते सांगितलं नाही. मास्तर बाहेर आले असते तर सांगितलं असतं, अशी समजूत मी पुढे बरीच वर्षं वापरली.

सिमेंट आलं, पत्रे आले, खोली झाली. उद्घाटनाला मला हार घातला. मला वाटलं होतं मास्तर आता मुलीला तिथे पाठवणार नाहीत. पण जूनमध्ये पाचवीत नाव घातलेली पहिली मुलगी हौसाच होती. हेडमास्तरांनी शिळेकडे बघत काहीतरी खवचट विचारलं, तर मास्तर म्हणाले, "दगुड त्यांचा हाय. खोली पोरींची हाय."

मी तोवर पुण्याला कॉलेजात गेलो होतो. पुढचं मला धाकट्या बहिणीकडून कळलं, ती त्याच वर्गात होती. मुली हौसाला म्हणायच्या, "ए, तुझ्या बाबाची बोटं दाखव." कुणाचं पेन हरवलं की तिचे पाय बघायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. ज्या मुलीसाठी त्या माणसाने बूट काढले, तिला त्या खोलीत पाच महिनेही बसता आलं नाही. शाळेच्या हजेरीपटात बघा, नाव असेल.

आता शेवटचं. बी.ए. झाल्यावर मला नोकरी लागली ती त्याच मालकांच्या कारखान्यात, कामगारांची भरती आणि हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसात. ओळख होतीच. एप्रिल महिना होता, ओतशाळेसाठी मजूर भरायचे होते आणि फाटकाबाहेर रांग लागली होती. मी टेबल टाकून फॉर्म भरत होतो. वर न बघता विचारत होतो, नाव, गाव, वय, आधीचं काम.

"नाव?"

"सावळाराम."

हे नाव त्या भागात बऱ्याच जणांचं होतं. मी वर पाहिलं नाही.

"आधी काय करत होता?"

"गोल्फावर मास्तर हुतो."

माझा हात थांबायला हवा होता. पण फॉर्मवर पुढचा प्रश्न छापलेला होता आणि तो तोंडून निघून गेला. "ते काम का सुटलं?"

आता मी वर पाहिलं. फेट्याखालचे केस पांढरे झाले होते. ते माझ्याकडे बघत होते, त्या दिवशीसारखेच, शांतपणे.

"आत्ता इचारताय व्हय?" ते म्हणाले.

मागचा माणूस ओरडला, "अय म्हाताऱ्या, आवर की! ऊन लागतंय."

मी काहीतरी म्हणालो असेन. "मास्तर, थांबा," असं म्हणालो असं मला वाटतं, पण खात्री देत नाही. ते रांगेतून बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून रुळाच्या बाजूला चालू लागले. डांबर तापून मऊ झालं होतं. ते अनवाणी होते. बुटांचं काय केलं होतं कोण जाणे. एवढ्या वर्षांत पाय रापून काळे झाले होते, टाचांना भेगा पडल्या होत्या, आणि पाऊल टेकलं की बोटं पसरत होती. चांगली सुटी झाली होती ती. आता त्यांना चेंडू उचलता आला असता.